जनरेटर चालू, ट्रेलर मात्र बंद: ‘ओपन ग्राउंड’चा घोळ कसा निस्तरायचा

टेक्सासमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी ज्यांनी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी हा फोन केलाय : “दादा, जनरेटर झकास चालू आहे, पण ट्रेलरमध्ये काहीच लागत नाहीये. तो सर्ज प्रोटेक्टर काहीतरी एरर दाखवतोय.” फोन बहुधा संध्याकाळी येतो, एसीवाचून पोरं रडकुंडीला आलेली असतात तेव्हा. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणाला फ्रेडरिक्सबर्ग, कर्व्हिलच्या बाजूला लोकांनी विजेचं हुकअप नसलेल्या रँचवर जागा धरल्या होत्या. तेव्हा एकाच माळावरच्या कितीतरी ट्रेलरांची रड हीच होती.

बिघाड दरवेळी तोच आणि बहुतेक वेळा उपायही तोच, तोही स्वस्तातला. पण तो उपाय चुकीच्या जागी लावला तर ट्रेलरच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. म्हणून क्रमाने जा, एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू नका.

लक्षणं कोणती?

खालचं काही दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे:

- कॅम्पग्राउंडच्या खांबावर ट्रेलर व्यवस्थित चालतो, जनरेटरवर मात्र ईएमएस म्हणजे वीज तोडणारा भारी सर्ज प्रोटेक्टर आत वीजच सोडत नाही.
- ईएमएसवर ओपन ग्राउंडचा, म्हणजे ‘ग्राउंडची (अर्थिंगची) वायर सापडत नाही’ असा, कोड किंवा दिवा येतो. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीजच्या ईएमएसवर तो ‘ई २’ असतो. दुसऱ्या कंपन्यांचे कोड वेगळे, ते डब्यावरच्या तक्त्यात बघा.
- साधा सर्ज प्रोटेक्टर असेल तर वीज आत जाते, पण लाल दिवा लागून राहतो.
- तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ट्रेलरमध्ये लावला की ‘ओपन ग्राउंड’ दाखवतो.
- जनरेटरच्या सॉकेटवरचं टेस्ट-रिसेट बटण ट्रेलर जोडल्याजोडल्या खटकन पडतं. हा वरच्यांचा चुलतभाऊ, त्याचं शेवटी बघू.

कोड नीट वाचा. ‘ई ४’ म्हणजे व्होल्टेज कमी आणि ‘ई १’ म्हणजे न्यूट्रल (परतीची वायर) आणि हॉट (वीज आणणारी वायर) यांची अदलाबदल. व्होल्टेज कमी येत असेल तर जनरेटरवर लोड जास्त झालाय किंवा वायर फार लांब नि बारीक आहे. त्याचा ग्राउंडशी संबंध नाही. आणखी एक: काही ईएमएस जोडल्यानंतर दोन-सव्वादोन मिनिटं मुद्दाम थांबतात, एसीचा कॉम्प्रेसर जपण्यासाठी. तेवढ्यात लोक तीनदा प्लग काढून घालतात आणि दरवेळी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. जरा धीर धरा.

मुळात होतं काय

घरी किंवा कॅम्पग्राउंडला न्यूट्रल आणि ग्राउंड या दोन वायरी एका ठिकाणी, मुख्य पॅनेलमध्ये, एकमेकींना जोडलेल्या असतात. फक्त त्या एकाच ठिकाणी. ट्रेलरच्या आतल्या पॅनेलमध्ये त्या मुद्दाम अलग ठेवलेल्या असतात, कारण अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचा, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीचा, आरव्हीसाठीचा (ट्रेलर, मोटरहोमसारख्या राहायच्या गाड्यांसाठीचा) विभाग, कलम ५५१, तसं सांगतो. ट्रेलर स्वतः जोड देत नाही, वीज जिथून येते तिथे जोड असेल असं धरून चालतो.

आता छोटा इन्व्हर्टर जनरेटर बघा. होंडाचा ईयू २२०० आय, यामाहाचा ईएफ २००० आयएस आणि या जातीचे बरेचसे. यांत न्यूट्रल ‘फ्लोटिंग’ असतो. सॉकेटचं गोल भोक, म्हणजे ग्राउंड, जनरेटरच्या सांगाड्याला जोडलेलं असतं, पण न्यूट्रल सांगाड्याला कुठेच जोडलेला नसतो. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. जनरेटरला एक ड्रिल किंवा एक दिवा लावला तर ही रचना चांगली सुरक्षितही असते, कारण वायर कुठे उघडी पडली तरी करंटला परतीची वाट सापडत नाही.

पण ट्रेलर म्हणजे एक ड्रिल नव्हे. त्यात फ्रिज, वॉटर हीटर, मायक्रोवेव्ह, एसी, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, बाहेरचं सॉकेट, आणि या सगळ्यांना धरून असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा नि लोखंडी चासी. समजा, वॉटर हीटरमध्ये हॉट वायर बॉडीला चिकटली. न्यूट्रल फ्लोटिंग असेल तर काहीच होत नाही. ब्रेकर पडत नाही, दिवा विझत नाही, तुम्हाला कळतही नाही. पहिला बिघाड असा चूपचाप बसून राहतो. मग महिन्याभराने दुसरीकडे कुठे न्यूट्रल घासला, किंवा जनरेटरजवळ ओल्या गवतात उभं राहून कोणी उघड्या वायरीला हात लावला, की परतीची वाट तयार होते, आणि ती माणसातून जाऊ शकते. उगमापाशी न्यूट्रल आणि ग्राउंड जोडलेले असतील तर पहिल्याच बिघाडाला करंट ग्राउंडच्या वायरीने थेट जनरेटरकडे परततो, प्रचंड वाढतो आणि ब्रेकर पडतो किंवा जनरेटरचं ओव्हरलोड संरक्षण वीज तोडतं. ग्राउंड वायरीचं खरं काम हेच.

ईएमएसला हे सगळं दिसत नाही. तो न्यूट्रल आणि ग्राउंड यांच्यातलं नातं मोजतो, ते सापडलं नाही की ‘ग्राउंड नाही’ असं जाहीर करतो. वायर अगदी धडधाकट असली तरीसुद्धा.

रॉड ठोकू नका

आपल्याकडून आलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो अर्थिंगचा. गावी घराच्या मागे खड्डा खणून, पट्टी पुरून, मीठ-कोळसा घालून, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतलेलं आपण पाहिलेलं असतं. म्हणून इथेही लोक जनरेटरच्या बॉडीवरच्या ग्राउंडच्या स्क्रूला जंपर केबल लावतात आणि तंबूचा खुंटा जमिनीत मारतात. एरर जात नाही. मग मोठा खुंटा आणतात. फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूच्या डोंगराळ हिल कंट्रीत वर चार बोटं माती आणि खाली चुनखडीचा कातळ, तिथे तो खुंटा वाकतो, एरर तशीच राहते आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

हिशोब साधा आहे. रीतसर रॉड ८ फूट लांब असतो आणि इलेक्ट्रिकल कोडमध्ये त्याच्यासाठी २५ ओहमचा आकडा येतो. १२० व्होल्टला २५ ओहमने भागा: ४.८ अँपिअर. एवढ्या करंटने १५ अँपिअरचा ब्रेकर पडणार नाही. म्हणजे उत्तम रॉडसुद्धा बिघाडाच्या वेळी वीज तोडू शकत नाही, तंबूच्या खुंट्याची काय कथा! करंटला जमिनीशी घेणंदेणं नसतं, त्याला जनरेटरच्या वाइंडिंगकडे परतायचं असतं. कोडचं कलम २५०.३४ सुद्धा हेच म्हणतं: जनरेटर फक्त स्वतःच्या सॉकेटांतून प्लग लावून उपकरणं चालवत असेल, आणि सॉकेटचं ग्राउंड सांगाड्याला जोडलेलं असेल, तर सांगाडा जमिनीत जोडायची सक्ती नाही. ट्रेलरचे लोखंडी जॅक जमिनीला टेकतात म्हणजे ‘अर्थिंग झालं’ हाही गैरसमज त्याच जातीचा.

पहिली तपासणी, फुकटातली: दुसऱ्या विजेवर लावून बघा

हीच एरर घरच्या विजेवर येते का? अडॅप्टर लावून ट्रेलरची वायर गॅरेजच्या साध्या १५ किंवा २० अँपिअरच्या सॉकेटला जोडा. ट्रेलरमधले एसी, वॉटर हीटर, मायक्रोवेव्ह बंद ठेवा.

तिथे एरर आली नाही तर वायर, अडॅप्टर आणि ट्रेलर बहुतेक ठीक आहेत, खेळ जनरेटरचा आहे. तिथेही एरर आली तर जनरेटरला दोष देणं थांबवा आणि वायरीकडे बघा. गॅरेजच्या सॉकेटवर बहुधा जीएफसीआय असतो, म्हणजे टेस्ट-रिसेटवालं संरक्षण. ट्रेलरमध्ये गळती असेल तर तो इथेच पडेल आणि तुम्हाला एका दगडात दोन उत्तरं मिळतील.

एक सावधगिरी. घरी ट्रेलरसाठी नवं ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं असेल तर मीटरने मोजल्याशिवाय त्यात ट्रेलर लावू नका. ट्रेलरचं ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण ते जुन्या ड्रायरच्या सॉकेटसारखं दिसतं आणि आरव्हीची सवय नसलेला इलेक्ट्रिशियन सरळ २४० व्होल्ट जोडून मोकळा होतो. पुढे मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, टीव्ही सगळे एकाच झटक्यात जातात.

दुसरी: वायर आणि अडॅप्टर, डोळ्यांनी आणि नाकाने

जनरेटर बंद करून, सगळं काढून, उन्हात नेऊन बघा. सर्वांत जास्त मार खातो तो ३० अँपिअरचा प्लग १५ अँपिअरच्या सॉकेटला जोडणारा छोटा अडॅप्टर. त्यातली गोल पिन बघा. ती डुगडुगते का? मुळाशी हिरवट गंज धरलाय का? पाद्रे आयलंडच्या मालाकिट कॅम्पग्राउंडला हुकअप नाही, म्हणून तिथे सगळे जनरेटरवरच, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पितळेच्या पिना फार लवकर हिरव्या पडतात. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या अडॅप्टरच्या बाईच्या बाजूला, म्हणजे भोकांच्या बाजूला, टॉर्च मारा. आतली पट्टी फाकलेली असेल तर पिन सैल बसते आणि ग्राउंडचा संबंध येतो-जातो. प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा जळका वास येत असेल तर घासून-पुसून वापरू नका, कचऱ्यात टाका.

अडॅप्टर बदलून बघणं ही दहा-वीस डॉलरची तपासणी आहे. शेजारच्या ट्रेलरवाल्याकडे मागितला तर तेही नाहीत. कॅम्पग्राउंडवर लोक अडॅप्टर आनंदाने देतात, फक्त परत करायला विसरू नका.

तीन पिनांचं दोन पिनांत करणारा अडॅप्टर मात्र कोणी दिला तरी घेऊ नका. त्याने ग्राउंडची वायर तुटते. एररवाल्या माणसाला नेमकी तीच वायर हवी असते.

तिसरी: टेस्टर आणि मल्टिमीटर

तीन दिव्यांचा टेस्टर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो थेट जनरेटरच्या सॉकेटला लावा, ट्रेलर जोडू नका. तिथेच ‘ओपन ग्राउंड’ आलं तर न्यूट्रल फ्लोटिंग असण्याची शक्यता दाट. टेस्टरच्या अंगावरचा तक्ता वाचूनच निष्कर्ष काढा, दिव्यांचे रंग प्रत्येकात सारखे नसतात.

खात्री मीटर देतो. जनरेटर चालू, सॉकेटमध्ये दुसरं काही नाही, मीटर एसी व्होल्टवर:

रुंद खाच न्यूट्रलची, अरुंद हॉटची, गोल भोक ग्राउंडचं. हॉट ते न्यूट्रल १२० च्या आसपास यायला हवं. फ्लोटिंग असेल तर हॉट ते ग्राउंड आणि न्यूट्रल ते ग्राउंड दोन्ही विचित्र आकडे येतात, पुष्कळदा साठच्या आगेमागे. हे भुताचे व्होल्ट. आतल्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे ते डिजिटल मीटरला दिसतात, त्यांत दम नसतो. जोड असेल तर हॉट ते ग्राउंड १२० आणि न्यूट्रल ते ग्राउंड शून्याच्या जवळ.

मग जनरेटर बंद करा, मीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) घ्या, आणि न्यूट्रलच्या खाचेतून गोल भोकाकडे मोजा. बीप वाजला तर न्यूट्रल सांगाड्याला आधीच जोडलेला आहे. नाही वाजला तर फ्लोटिंग. जनरेटरच्या मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याचदा पॅनेलवरच्या स्टिकरवर ‘न्यूट्रल फ्लोटिंग’ किंवा ‘न्यूट्रल बॉंडेड टु फ्रेम’ लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा.

ही बीपची तपासणी टाळू नका. कामाच्या जागेसाठी बनवलेल्या मोठ्या, उघड्या सांगाड्याच्या जनरेटरांत न्यूट्रल बहुधा आधीच जोडलेला असतो आणि सॉकेटांवर जीएफसीआय असतो. तिथे पुढचा उपाय लावायचा नाही. कारण मग जोड दोन ठिकाणी होतो, ग्राउंडच्या वायरीतून रोजचा करंट वाहू लागतो आणि जीएफसीआय पडतो.

चौथी: बॉंडिंग प्लग

न्यूट्रल फ्लोटिंग आहे हे मीटरने सिद्ध झालं असेल, आणि पहिल्या तपासणीत ट्रेलर ठीक निघाला असेल, तरच इथे या.

हा दिसायला साधा तीन पिनांचा प्लग असतो, मागे वायर नाही. आत न्यूट्रलच्या पात्यापासून ग्राउंडच्या पिनेपर्यंत एक छोटी वायर, बस्स. हॉटच्या पात्याला काहीही जोडलेलं नसतं. तो जनरेटरच्या एका सॉकेटात खोचायचा, ट्रेलर दुसऱ्या सॉकेटात. आत सगळ्या सॉकेटांचे न्यूट्रल एकच असल्यामुळे जोड पूर्ण जनरेटरला लागू होतो. ईएमएस समाधान पावतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघाड झाला तर आता ब्रेकर खरोखर पडतो. आरव्हीतल्या विजेच्या सुरक्षिततेवर अमेरिकेत वर्षानुवर्षं लिहिणारे आणि शिकवणारे माइक सोकोल यांनी हाच मार्ग लोकांना समजावलाय.

तयार मिळतो, तोच घ्या. घरी बनवणारे बनवतात: प्लगच्या आत चंदेरी स्क्रू न्यूट्रलचा, हिरवा ग्राउंडचा, या दोघांत १४ किंवा १२ गेजची वायर, आणि पितळी स्क्रू रिकामा. काम पाच मिनिटांचं आहे, म्हणूनच धोक्याचं. चुकून वायर पितळी स्क्रूला गेली तर हॉट थेट ग्राउंडला जोडला जातो आणि फ्लोटिंग जनरेटर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ट्रेलरचा अख्खा पत्रा हॉट होतो आणि जनरेटर आपला शांतपणे धडधडत राहतो.

म्हणून प्लग विकतचा असो की घरचा, लावण्याआधी मीटरने तपासा. रुंद पातं ते गोल पिन: बीप हवा. अरुंद पातं ते रुंद: बीप नको. अरुंद ते गोल: बीप नको. तीनही उत्तरं बरोबर आली तरच वापरा. त्यावर लाल टेप गुंडाळून जाड मार्करने ‘फक्त जनरेटर’ लिहा आणि तो जनरेटरच्या हँडलला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे कोणी पाहुणा उचलून घरच्या सॉकेटात घालणार नाही.

प्लग लावल्यावर लगेच ट्रेलर जोडू नका. आधी तिसरी तपासणी पुन्हा करा: न्यूट्रल ते ग्राउंड शून्याजवळ, हॉट ते ग्राउंड १२०. मग ट्रेलर.

काही बारकावे. दोन जनरेटर पॅरलल किटने जोडले असतील तर प्लग एकाच जनरेटरला, दोघांना नाही. सॉकेटवर टेस्ट-रिसेटची बटणं असतील तर प्लग लावायचाच नाही. तोच जनरेटर घराला ट्रान्स्फर स्विचमधून (घर बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर वळवणाऱ्या स्विचमधून) जोडणार असाल तर प्लग काढून ठेवा, कारण घराच्या मुख्य पॅनेलमध्ये जोड आधीच आहे. आणि फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये दिवसेंदिवस वीज गेली तेव्हा काही जणांनी जनरेटरची वायर ड्रायरच्या सॉकेटात उलटी खोचून घर चालवलं. तो प्रकार कधीच नको. वीज उलटी तारांवर चढते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो.

ज्यांच्या ईएमएसला ‘बायपास’चं बटण आहे, ते म्हणतील, एवढं कशाला, बटण दाबलं की वीज येते. येते खरी. पण बायपासमध्ये कमी-जास्त व्होल्टेजचं संरक्षणही जातं आणि बिघाडाची वाट तर तशीच तुटलेली राहते. एक रात्र बायपासवर काढली म्हणून लगेच कोणाचं काही होत नाही, हे मला माहीत आहे. तरी ती सवय मला पसंत नाही, कारण लोक ते बटण पुन्हा सरळ करायला विसरतात.

भारतात कॅराव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांनी यातलं तत्त्व घ्यावं, प्लग नव्हे. तिथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, सॉकेटची मांडणी वेगळी आणि संरक्षणाची साधनंही वेगळी. तिकडच्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पाचवी: जीएफसीआय पडतोय तेव्हा

आता तो चुलतभाऊ. जनरेटरचा न्यूट्रल जोडलेला आहे, सॉकेटवर जीएफसीआय आहे, आणि ट्रेलर लावला की बटण पडतं. जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, म्हणजे तो फार नाजूक आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो.

ट्रेलरमधले सगळे ब्रेकर बंद करा, मेन धरून. इन्व्हर्टर असेल तर तोही. आता जोडा. पडलं नाही? मग मेन चालू करा आणि एकेक ब्रेकर वर करत जा. ज्याच्यावर पडेल तो गुन्हेगार. माझा पहिला संशय वॉटर हीटरच्या इलेक्ट्रिक एलिमेंटवर असतो. टाकीत पाणी नसताना कोणीतरी स्विच लावला की एलिमेंट जळतो, त्याचं आवरण तडकतं आणि पुढच्या वेळी पाण्यातून गळती सुरू होते. दुसरा संशय फ्रिजच्या हीटिंग एलिमेंटवर, तिसरा ट्रेलरच्या बाहेरच्या सॉकेटात गेलेल्या पावसाच्या पाण्यावर. वॉटर हीटर आणि फ्रिज दोघांनाही गॅसवर टाकून तो शनिवार-रविवार निभावून नेता येतो, दुरुस्ती घरी गेल्यावर.

मेनसकट सगळे ब्रेकर बंद असूनही पडत असेल तर गोष्ट वेगळी. ब्रेकर फक्त हॉट तोडतो, न्यूट्रल तोडत नाही. म्हणजे ट्रेलरच्या आत कुठेतरी न्यूट्रल ग्राउंडला चिकटलेला असणार. खात्री करायची तर ट्रेलरची वायर सगळीकडून काढा, तिच्या टोकाला १५ अँपिअरचा अडॅप्टर लावा आणि रुंद पात्यापासून गोल पिनेपर्यंत बीप मोजा. वाजायला नको. वाजला तर इथेच थांबा.

कुठे थांबायचं

ट्रेलरच्या दाराच्या हँडलला, पायरीला किंवा गाडीला जोडायच्या हिचला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, अगदी ‘किंचित, ओल्या हातामुळे असेल’ अशा जरी, तर जनरेटर लगेच बंद करा. पोरांना आणि कुत्र्याला लांब न्या. कोणी अजून ट्रेलरला धरून उभं असेल तर त्याला ओढायला जाऊ नका, आधी जनरेटरचा स्विच. नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर पत्र्याजवळ वाजला तरी हेच करा. तो वाजला नाही म्हणून सुरक्षित असं मात्र समजू नका, फ्लोटिंग जनरेटरवर तो गप्प राहू शकतो. याला इकडे ‘हॉट स्किन’ म्हणतात आणि यावर घरगुती इलाज नाही.

याशिवाय हे प्रकार आपले नव्हेत:

ट्रेलरच्या पॅनेलचं झाकण काढून न्यूट्रलच्या वायरी एकेक सोडवणं. जनरेटरचं कव्हर उघडून आतून न्यूट्रल सांगाड्याला कायमचा जोडणं. यू-ट्यूबवर दाखवतात, करू नका. वितळलेला प्लग किंवा पॅनेलमधला जळका वास. मोटरहोममध्ये पक्का बसवलेला जनरेटर, कारण त्याचा जोड आणि ट्रान्स्फर स्विच यांचं गणित वेगळं असतं आणि त्याला हा प्लग लागत नाही. ५० अँपिअरचा ट्रेलर असून दोन हॉटचे आकडे जुळत नसतील तेही.

अशा वेळी मोबाइल आरव्ही टेक्निशियन बोलवा. घरचा इलेक्ट्रिशियन बोलवणार असाल तर ‘ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड अलग ठेवायचे असतात’ हे त्याला आधी सांगा. घराच्या मुख्य पॅनेलच्या सवयीने ते दोन्ही एकत्र करून टाकणारे भेटतात.

जनरेटर ट्रेलरपासून निदान २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला. मीटर घेऊन वाकून बसलेला माणूस स्वतः धुरातच बसलाय हे त्याच्या लक्षात येत नाही.

टेक्निशियनला फोन करताना ‘जनरेटर चालत नाही’ एवढंच सांगू नका. जनरेटरचं मॉडेल, ईएमएसचा कोड, हॉट-न्यूट्रल, हॉट-ग्राउंड, न्यूट्रल-ग्राउंड हे तीन आकडे, बीप कुठे वाजला नि कुठे नाही, आणि घरच्या सॉकेटवर काय झालं, एवढं कागदावर लिहून वाचून दाखवा. अर्धं निदान फोनवरच होतं, आणि पुष्कळदा तो म्हणतो की इतक्या लांब यायची गरजच नाही.